कानाचा वर्धक

यंदा आषाढी झाली आणि आमच्या घरात एका लहानशा डबीवरून खल सुरू झाला. डबी म्हणजे हेडफोनचा ॲम्प्लिफायर, मोबाइल आणि हेडफोन यांच्यामध्ये जोडायचा. किंमत आठ हजार रुपये. जुन्या भजनांची ध्वनिमुद्रणे ऐकताना मी सारखा विचारी, "यातले टाळ कुठे गेले?" म्हणून नातीने आपल्या पगारातून मला मोठा हेडफोन आणून दिला होता. तरी टाळ येईनात. दुकानदार म्हणाला, वर्धक लागेल. नात म्हणाली, "घेऊन टाकू या, आजोबा." सूनबाई काहीच बोलली नाही, म्हणजे किंमत तिला नीट ऐकू आली होती.

आमचे गाव चिखली. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, पण जुनी माणसे अजून टाळगाव चिखलीच म्हणतात. तुकोबांच्या कीर्तनात टाळ धरणारे इथले, अशी परंपरा आहे. अशा गावच्या माणसाला टाळ ऐकू येऊ नयेत, हे मला फार लागले. पण वस्तू घेण्याआधी तिची कुळकथा पाहायची ही माझी जुनी खोड. तेव्हा वाचकहो, आठ हजारांचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्या काळी गरिबाचा रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी, ना व्हॉल्व्ह, ना वीज. केंद्राकडून हवेतून येणारी शक्ती एरियलने पकडायची, खनिजाच्या खड्यावर तारेचे टोक टेकवून तिच्यातला आवाज वेगळा काढायचा, आणि तीच शक्ती हेडफोनमधला पत्र्याचा पडदा हलवी. शक्ती केवढी? जवळजवळ नाहीच. म्हणून त्या हेडफोनात केसासारख्या तारेचे हजारो वेढे असत आणि त्यांचा रोध दोन-दोन हजार ओहम भरे. एवढासा प्रवाहही त्यांना पुरे. वर्धकाचे नाव नको.

पण गंमत अशी की मुंबई केंद्राची ताकद दीड किलोवॉट, आणि क्रिस्टल सेटवर ते साधारण तीस मैलांपर्यंतच लागे. चिखली मुंबईपासून सरळ रेषेत शंभराहून अधिक किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री उभा. म्हणजे गिरगावातला कारकून फुकटात गाणे ऐके आणि घाटावरच्या माणसाला मात्र व्हॉल्व्हचा सेट व बॅटऱ्या घ्याव्या लागत. वर्धक घ्यावा की नाही, हा प्रश्न असा शंभर वर्षांचा आहे, आणि त्याचे उत्तर तेव्हा पत्त्यावर अवलंबून होते.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि आमचा पत्ता न बदलता उत्तर बदलले. पुणे इथून पंधराएक किलोमीटर. मी शाळेत असताना वडिलांनी क्रिस्टल सेट जुळवला. चिंचेपासून घराच्या आढ्यापर्यंत एरियल, आणि हौदाजवळच्या ओल्या मातीत पुरलेल्या नळीला अर्थिंग. हेडफोन एकच, ऐकणारे सातजण. मग आई तो पितळेच्या पातेल्यात ठेवी आणि आम्ही पातेल्याभोवती डोकी जमवून भजन ऐकत असू. त्या पातेल्यातून टाळ स्वच्छ ऐकू येत. आमच्या घरातला पहिला वर्धक तोच!

पुढे १ जुलै १९७९ रोजी जपानात सोनीचा वॉकमन विक्रीस आला. दोन छोट्या सेलांवर चालणाऱ्या यंत्राला जास्त रोधाचा हेडफोन झेपत नाही; म्हणून खिशातल्या यंत्रांबरोबर कमी रोधाचे हेडफोन आले. ध्वनिमुद्रणगृहांत मात्र जास्त रोधाचे टिकून राहिले. तसला हेडफोन खिशातल्या यंत्राला जोडला की वर्धकाचा प्रश्न उभा राहतो. नातीने आणलेला त्याच जातीचा होता.

मी त्याच्या खोक्यावरचे आकडे घेऊन बसलो. रोध २५० ओहम. एका मिलिवॉटला आवाज ९६ डेसिबल. मोबाइलच्या जोडणीतून एक व्होल्ट मिळतो असे धरले, तर चार मिलिवॉट होतात, म्हणजे १०२ डेसिबल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला चाळीस तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते, आणि ९० डेसिबल असतील तर फक्त चार तासांची. म्हणजे मोबाइलच गरजेपेक्षा जास्त देत होता. पाच व्होल्टचा वर्धक लावला तर ११६! माझा कागदावर विश्वास कमी, म्हणून शेजारच्या मुलाचा वर्धक आठवडाभर मागून आणला. पखवाज छातीत घुमला, बुवांचा श्वासदेखील ऐकू आला. टाळ नव्हतेच.

तेव्हा कुठे मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काढलेल्या आलेखाची रेघ चार हजार कंपनांपाशी विहिरीसारखी खाली गेली होती. "कुठे काम केलंत?" त्यांनी विचारले. प्रेसशॉपमध्ये, अठ्ठावीस वर्षे. आम्ही कानात बोळे घालत नसू. घालणाऱ्याला हसत असू. टाळाच्या नादाचा बराच भाग नेमका त्या विहिरीत पडला होता. हेडफोनचा वर्धक सगळेच स्वर सारखे चढवतो. आधीच ऐकू येणारा पखवाज त्याने आणखी मोठा केला, एवढेच.

एक गोष्ट मला तेव्हाच वाचायला मिळाली. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. तो घराघरात पोचला रेडिओतून, अशी माझी समजूत. पण १९५२ सालीच तो श्रवणयंत्रात बसला होता, खिशातल्या रेडिओच्याही आधी. आजची यंत्रे तर ज्याचा जो स्वर गेला असेल तेवढाच निवडून चढवतात.

शेजाऱ्याचा वर्धक परत केला. हेडफोन नात वापरते. चाचणीपुरते श्रवणयंत्र कानात बसवून डॉक्टरांनी खोलीचे दार उघडले. बाहेर बाकावर नात किल्ल्यांचा जुडगा चाळवत बसली होती. तो जुडगा वाजतो, हे मी पार विसरून गेलो होतो.

यंत्राची किंमत वर्धकाच्या तिपटीहून जास्त निघाली. सूनबाई याही वेळी काही बोलली नाही; कपाटातून पैसे मात्र तिनेच काढून दिले.