मिठाच्या पाण्यातली मिरी

गेल्या डिसेंबरात मंगला एक्सप्रेसने आमच्याकडे एक पिशवी आली. म्हणजे झालं असं, की आजीच्या माहेरचा, तिच्या भावाचा नातू कारवारला गाडीत बसून दिल्लीला चालला होता. नाशिक रोडला गाडी थांबली तेवढ्या दोन-तीन मिनिटांत त्याने डब्याच्या दारातूनच पिशवी माझ्या हातात दिली. "ताई, आजच्या आज मिठात घाल हं, उद्यावर टाकू नकोस," एवढंच काय ते बोलणं झालं आणि गाडी हलली.

घरी येऊन पिशवी उघडली. आत केळीच्या पानात गुंडाळलेली किलोभर ओली मिरी. वेलावरून काढलेले हिरवेगार, बोटभर लांबीचे घोस. शेजारच्या काकू डोकावल्या. त्यांच्या माहेरी पिंपळगावला द्राक्षबाग आहे. एक घोस उचलून त्या म्हणाल्या, "हे काय गं, एवढे बारके मणी? थिनिंग केलं नाही वाटतं!"

नाशिकमध्ये ओली मिरी म्हणजे न पोसलेली द्राक्षंच, त्याला इलाज नाही. पण आमच्या घरात ही मिरी ऐंशीच्या आसपास वर्षं येते आहे. ती आणली आजीने.

आजी होन्नावरकडची, शरावती नदीच्या काठची. आजोबा इथल्या प्रेसमध्ये कामाला होते. नाशिक रोडचं इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झालं, आणि १९२८ साली नोटांचं करन्सी नोट प्रेस. त्यामुळे कुठून कुठून माणसं नोकरीसाठी या गावात आली. आजोबा त्यातलेच एक. होन्नावर तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रासकडून मुंबईकडे आला आणि १९५६ पर्यंत मुंबईकडेच राहिला. म्हणून तिकडच्या माणसाला नोकरी म्हटलं की मुंबईची वाट आधी आठवायची.

लग्नानंतर आजी कारवारहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने नाशिक रोडला आली. सामानात एक चिनी मातीची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. आत मिठाच्या पाण्यातली मिरी. आजोबा म्हणायचे, "सोन्याची पोत ट्रंकेत टाकली होती आणि बरणी मांडीवर घेऊन बसली होती."

या बरणीत तेल नाही, मोहरी नाही, फोडणी नाही. पाणी, मीठ, लिंबू आणि मिरी. बस्स. दहीभाताबरोबर नाहीतर तांदळाच्या पेजेबरोबर त्यातले चार-पाच दाणे खायचे. दाताखाली फुटले की आधी खारट, मग आंबट, मग हिरवा वास, आणि सगळ्यांत शेवटी तिखटपणा हळूहळू चढत जातो. काळ्या मिरीसारखा तो एकदम घशात जाऊन बसत नाही.

आजी गेली १९९६ साली. तेव्हापासून बरणी आई भरते. आई सिन्नरची. १९६८ साली ती लग्न होऊन आली, त्याआधी तिने समुद्र पाहिलेलाच नव्हता. आजीने पहिल्या वर्षी तिला शिकवायला घेतलं आणि म्हणाली, "पाणी समुद्राच्या पाण्याहून खारट हवं गो." आई गप्प उभी. शेवटी म्हणाली, "आई, समुद्राचं पाणी किती खारट असतं?" आजी हसत सुटली म्हणे. मग तिने घरातली एक वाटी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पाणी मोजलं. चार वाट्या पाण्याला एक वाटी खडे मीठ. आमच्या घरात त्या कृतीचं हे पहिलं लेखी माप. आईने ते रेशनकार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवलं होतं. आजीला समुद्राची चव जिभेवर होती, तिला माप लागतच नव्हतं.

मी पुढे हिशेब केला. समुद्राच्या शंभर ग्रॅम पाण्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. आजीच्या चार-एकच्या मापाने ते वीसच्या आसपास जातं. एवढ्या मिठात नासवणारे बहुतेक जंतू टिकत नाहीत.

ही एवढी साधी वस्तू. मग तिचा इतिहास कुठे सापडतो का म्हणून मी शोधायला लागले, तर एक गंमत लक्षात आली. मिरीच्या इतिहासाला तोटा नाही, पण तो सगळा वाळलेल्या मिरीचा आहे!

आजीच्या माहेराहून शरावतीने वर गेलं की गेरसोप्पा लागतं. सोळाव्या शतकात तिथे चेन्नभैरादेवी नावाची जैन राणी राज्य करत होती. १५५२ पासून १६०६ च्या सुमारापर्यंत, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं. पोर्तुगीज तिला 'मिरीची राणी' म्हणायचे, कारण या पट्ट्यातल्या मिरीचा व्यापार तिच्या हातात होता. पोर्तुगीज राजाने मिरीच्या व्यापारावर स्वतःचा मक्ता सांगितला होता, त्यामुळे तिचं त्यांच्याशी कधी भांडण तर कधी तह. शेवटी केळदीच्या नायकांनी तिचं राज्य घेतलं. पुढे इंग्रज आले. १६३८ साली त्यांनी कारवारला वखार घातली, तीही मुख्यतः मिरीसाठीच. शिवाजी महाराजांची स्वारी १६६५ साली कारवारवर आली तेव्हा ही वखार तिथे होती. आपण शाळेत ती स्वारी शिकतो, पण इंग्रज त्या कोपऱ्यात मुळात काय करत होते, हे काही शिकल्याचं मला आठवत नाही.

ही सगळी धडपड काळ्या मिरीसाठी. आणि काळी मिरी म्हणजे वेगळं काही नव्हे, हीच हिरवी मिरी उन्हात वाळवलेली. दाण्याच्या सालीत एक एन्झाइम असतं. दाणा वेलावरून तुटला, हवा लागली, की ते काम सुरू करतं आणि साल काळी पडते. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच. वाळली की मिरी वर्षानुवर्षं टिकते, पोत्यात भरता येते, जहाजात घालून लिस्बनला नेता येते. तिच्यावर कर बसवता येतो. ओली मिरी चार दिवसांत खराब होते. तिचा व्यापार कोण करणार? मग तिची नोंद तरी कोण ठेवणार?

तरी एखादी खूण सापडते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ओल्या मिरीचे गुण वाळलेलीपेक्षा वेगळे सांगितले आहेत. ती फार उष्ण नाही, पण पचायला जड. म्हणजे लोक ओली मिरी खात होते हे नक्की. जेवणाआधी मीठ लावलेलं आलं खावं, असंही त्याच ग्रंथात आहे. ओला मसाला आणि मीठ ही जोडी जुनीच आहे तर. दुसरी खूण गोव्याची. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात तो सांगतो की इथले लोक कोवळे बिब्बे मिठात घालतात, त्याला 'अचार' म्हणतात आणि आमच्याकडे ऑलिव्ह विकतात तसं ते इथे बाजारात विकायला असतं. बिब्बा! जो नुसता अंगाला लागला तरी फोड येतात, तो मिठात मुरवून खाणारी माणसं होती ही. त्यांनी दारातल्या वेलावरची मिरी सोडली असेल असं मला तरी वाटत नाही.

पोर्तुगीजांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी मिरची आणली. तिने आल्या आल्या मिरीची जागा तर घेतलीच, पण नावही घेतलं. मूळ संस्कृत शब्द 'मरीच', म्हणजे मिरी. त्यावरूनच मिरची. घरची थोरली जाऊ मागे पडावी आणि नव्या सुनेने तिच्या नावासकट स्वयंपाकघर ताब्यात घ्यावं, तसा प्रकार.

बरं, मिरीचं झालं. बरणीतली दुसरी वस्तू मीठ. आणि मिठाची गोष्ट मिरीहून कडू आहे.

आजीकडे मीठ यायचं ते साणीकट्ट्याचं. गोकर्णाजवळ, अघनाशिनी नदीच्या खाडीत साणीकट्ट्याची मिठागरं आहेत, जाड आणि किंचित मळकट रंगाच्या मिठाची. समुद्र दारात, ऊन फुकट, तरी मीठ फुकट नव्हतं. ते परवान्याशिवाय करायला बंदी होती आणि त्यावर कर होता. १९२३ साली सरकारने हा कर दुप्पट केला, मणाला अडीच रुपये. ओरड झाली म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा सव्वा रुपयावर आणला. गरिबाला मिठाशिवाय चालत नाही आणि लोणचं तर मिठावरच उभं राहतं. तेलाचं लोणचं ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी मिठाचं पाणी. त्या पाण्यावरही कर!

६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आठवडाभरात, १३ एप्रिलला, आजीच्या मुलखात अंकोल्याला कायदेभंग झाला. मे महिन्यात आपल्या शिरोड्याला झाला. आजी तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. तिला आठवायचं ते एवढंच, की एक दिवस तिच्या वडिलांनी चिमूटभर मीठ कागदाच्या पुडीत आणलं, देवापुढे ठेवलं आणि ते कोणाला खाऊ दिलं नाही. "मीठ देवापुढे कशाला, हे मला कळेचना," ती म्हणायची. आणि पुढे संसार थाटला तो नाशिक रोडला, जिथल्या तुरुंगात कायदेभंगाच्या चळवळीतली कितीतरी माणसं कोंडली गेली होती. साने गुरुजींनी १९३३ साली 'श्यामची आई' लिहिलं ते याच नाशिकच्या तुरुंगात. जेल रोडवरून रिक्षाने जाताना आजी त्या भिंतीकडे बघून हात जोडायची. आम्हा मुलांना वाटायचं, आत देऊळ आहे. मिठावरचा तो कर शेवटी १९४७ साली गेला.

म्हणजे बघा, मिरीवर राजाचा मक्ता आणि मिठावर सरकारचा. पण आजीच्या माहेरच्या परसात वेल होता, आणि वेलावरची मिरी व्यापाऱ्याने वाळवून न्यायच्या आधी, कोवळी असतानाच, घरच्या बायका त्यातले चार घोस काढून मिठात घालायच्या. जगाच्या इतिहासातून तेवढी बरणीभर मिरी सुटली. तिने कोणाला श्रीमंत केलं नाही, तिच्यासाठी कोणी कोणाला मारलं नाही. ती माहेरातून सासरी गेली, एवढाच तिचा प्रवास. मला वाटतं म्हणूनच तिचा इतिहास कुठे लिहिलेला नाही.

आता मात्र ओली मिरी बाटलीबंद होऊन परदेशीही जाते. फ्रेंच लोक ती मांसाबरोबरच्या सॉसमध्ये घालतात. पॅरिसला असलेल्या माझ्या भाच्याने दुकानातल्या अशा बाटलीचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "पणजीची मिरी, सहा युरो!"

मिरी सगळ्याच वर्षी येत नसे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, त्याआधी तर कोणी येणारं-जाणारं असेल तरच. मग आजी तेच पाणी करून त्यात थंडीत बाजारात येणारी ओली हळद, आंबेहळद, आलं आणि हिरव्या मिरच्या घालायची. तिकडचं पाणी आणि इकडचा बाजार. आईला खरं तर हेच जास्त आवडतं.

दोन वर्षांपूर्वी आईला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. ब्लडप्रेशर. त्या वर्षी बरणी पहिल्यांदा मी भरली आणि फार शहाणपणा करून मीठ निम्मं घातलं, तेही पॅकेटमधलं बारीक मीठ. पाणी गढूळ झालं. वर तरंगणारे घोस काळे पडले. तीन आठवड्यांनी पांढरी बुरशी. सगळी बरणी फेकून द्यावी लागली. आईने नुसतं बघितलं आणि विचारलं, "मीठ कमी केलंस ना? माझ्यासाठी?" मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. पण दुपारभर ती रिकामी बरणी घासत बसली होती.

म्हणून या वेळी सगळं आजीच्या मापाने केलं. करायचंच असेल तर असं: दाणा नखाने दाबला तर सहज चिरडला पाहिजे, आत टणक बी झालेलं नको. घोस धुऊन कापडावर पूर्ण कोरडे करायचे. चार वाट्या पाणी उकळून त्यात वाटीभर खडे मीठ विरघळवायचं, गाळून पूर्ण गार करायचं, तीन लिंबांचा रस घालायचा. लिंबाने रंग हिरवा राहायला मदत होते. घोस बरणीत भरून वर पाणी ओतायचं आणि एक छोटी बशी उपडी घालून सगळं पाण्याखाली दाबून ठेवायचं. हवा लागली की काळं. तीन आठवडे थांबायचं. मीठ कमी करायचं तर बरणीत नाही, पानात. दाणे खायच्या आधी साध्या पाण्यात तासभर ठेवले की बराच खारटपणा उतरतो.

जानेवारीत बरणी उघडली. आईसाठी दोन दाणे तासभर पाण्यात ठेवले आणि दहीभातावर घातले. तिने एक खाल्ला, दुसरा बाजूला ठेवला. मला वाटलं, बिघडलं. "काय झालं?"

"काही नाही गं. संध्याकाळच्या जेवणाला ठेवते."

मुलीने परवा फोनवर विचारलं, "मम्मी, ते पाण्याचं माप काय आहे?" ती बंगलोरला असते, तिने समुद्र पुष्कळदा पाहिला आहे. तरी मी वाटीचंच माप सांगितलं.