काकवीचें भांडें

कृष्णाकांठचा गूळ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. काकवी मात्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं भाकरीबरोबर खाल्ली असली, तरी वाण्याच्या दुकानांत क्वचितच पाहिली असेल. एकाच काहिलींतून निघणारे हे दोन पदार्थ; पण गुळानें दूरदूरच्या पेठा गांठल्या आणि काकवी बहुधा गुऱ्हाळाच्या पंचक्रोशींतच राहिली. असें कां व्हावें? माझ्या मतें याचें उत्तर भांड्यांत सांपडतें, आणि आज त्या भांड्याचाच इतिहास आपणांस सांगावयाचा आहे. सातारा व सांगली हे प्रांत मी एकत्र धरतों. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. ऊस मात्र दोहोंकडे एकाच कृष्णेच्या पाण्यावर वाढला.

चरकांतून निघालेला रस काहिलींत आटूं लागला, म्हणजे भेंडीचा चीक घालून मळी काढतात. शतमान उष्णतामापकावर १०५–१०६ अंशांच्या सुमारास उतरवावा, तर काकवी मिळते. ११८ अंशांच्या आसपास गूळ होतो. जुन्या गुळव्याजवळ उष्णतामापक कोठला? तो पाक पाण्यांत टाकून बोटांनीं गोळी वळवून पाही. या बारा-तेरा अंशांच्या अंतरांत व्यापाराचें सगळें रहस्य आहे. गूळ निवला कीं त्याची ढेप होते. ती फडक्यांत गुंडाळावी, गाडींत रचावी आणि सांगलीच्या पेठेंत न्यावी. गूळ स्वतःच स्वतःचें भांडें बनतो! काकवीला मात्र बूड हवें आणि झांकणहि हवें.

तसें भांडें होतें कोठें? मातीचें मडकें स्वस्त खरें, पण तें पाझरतें आणि खडकाळ वाटेवर बैलगाडींत फुटतें. तांब्यापितळेच्या भांड्यास कल्हई पाहिजे. शिवाय दोन शेर काकवीबरोबर पितळी कळशी कोण देऊन टाकील? म्हणून गिऱ्हाइकानेंच घरून भांडें आणावें, अशी रीति पडली. भांडें घेणाऱ्याचें असल्यामुळें विकणाऱ्यास त्यावर नांव घालण्याचें कारण नव्हतें. दोघांची ओळख हीच मालाची हमी होती. साठवणुकीच्या बाबतींत हा प्रांत मागासलेला होता, असें मात्र कोणी समजूं नये. सांगलीजवळच्या हरिपुरास जमिनींत खोदलेल्या पेवांतून हळद वर्षानुवर्षें सुरक्षित राहत असे. २००५ च्या महापुरानें त्या पेवांची मोठी हानि केली. परंतु पेव कोरड्या हळदीस चालतें, काकवीस नव्हे.

पुढें रॉकेलचा पत्र्याचा डबा आला. चार गॅलनांचा हा चौकोनी डबा रिकामा झाल्यावर घरोघर पाणी, धान्य, तेल, सर्व कांहीं भरण्याच्या कामीं येऊं लागला. काकवीस तो कितपत योग्य? कितीहि धुतला तरी वास राहतो. आंतली कथलाची कल्हई खरवडली गेली कीं लोखंड उघडें पडतें, काकवींतील आंबटपणा त्यास लागतो, आणि रंग व चव दोन्ही बिघडतात. शिवाय पत्र्यांतून आंतलें दिसत नाहीं. अनोळखी माणसाकडून माल घेतांना ही मोठीच अडचण होय.

आंतलें दिसेल असें भांडें म्हणजे कांचेचें. कांचकामाचा एक मोठा उद्योग याच भूमींत उभा राहिला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तळेगांव दाभाडें येथें १९०८ सालीं पैसाफंडाचा कांच-कारखाना निघाला. त्यानंतर १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाड स्टेशनाजवळ, औंध संस्थानाच्या हद्दींत, आपला कारखाना घातला. तीच ओगलेवाडी. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर लागला. त्याच संस्थानांत १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडी वसविली होती. चरकाचें लोखंड एका वाडींत आणि कांच दुसऱ्या वाडींत, असा हा योग! तरीहि काकवी बाटलींत शिरली नाहीं, कारण बाटलीची किंमत आंतल्या काकवीच्या मानानें फार पडे.

हा मान प्रथम मधाला मिळाला. पोळें पिळून काढलेला मध गढूळ असे. पेटींतील सातेरी माशांचा मध यंत्रानें फिरवून काढूं लागल्यावर तो स्वच्छ झाला, आणि महाबळेश्वरच्या बाटल्या प्रवाशांबरोबर शहरांत पोहोंचल्या. त्याच तालुक्यांतील मांघर २०२२ मध्यें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. लिटरभर पाण्याच्या जागेंत सुमारें चौदाशें ग्रॅम मावतो. म्हणूनच रानांतला मध विकणाऱ्यांना पाऊण लिटरची रिकामी दारूची बाटली आवडे. तींत किलोहून किंचित् अधिक मध बसे आणि तराजूचें काम उरत नसे. पंचामृताचा मध अशा बाटलींतून देवघरापर्यंत येई, व त्याची चर्चा कोणी करीत नसे.

क्यानडांतील शेतकरी मेपल वृक्षाचा रस आटवून पाक करतात. सुमारें चाळीस भाग रसाचा एक भाग पाक होतो. त्यांच्यापुढेंहि हाच प्रश्न होता. क्वेबेक प्रांतानें १९५१ सालीं ५४० मिलिलिटरचा छोटा, हवाबंद डबा ठरविला. महत्त्वाची युक्ति भरण्याची आहे: पाक सुमारें ८५ अंशांवर असतांनाच भरावा, म्हणजे झांकणाखालीं बुरशी धरत नाहीं.

आमच्या हमरस्त्यावरील विक्रेता आज प्लास्टिकची हलकी बाटली वापरतो. ती फुटत नाहीं, हा तिचा गुण. पण साधें प्लास्टिक ऊन पाकानें मऊ पडतें, म्हणून काकवी निववून भरावी लागते. आणि ती पातळ उतरविलेली असल्यास आंबून वायु धरते व बूच उडवते. घरगुती काकवी परगांवीं पाठवावयाची असेल, तर मी अरुंद तोंडाची कांचेचीच बाटली घेईन. ती आधीं ऊन करावी, नाहींतर तडकते. मग काकवी कढत भरून, बूच लावून, मिनिट-दोन मिनिटें आडवी ठेवावी. निवल्यावर पातळी बोटभर खालीं येते. तेवढ्यावरून गिऱ्हाइक बाटली अपुरी भरल्याची तक्रार करतें. त्यास वजन करून दाखवावें लागतें.