लॉर्ड सॅलिस्बरी : कॅसलरॉकच्या रुळांशी नाव जोडलेला ब्रिटिश पंतप्रधान

जोयडा : जोयडा तालुक्यातलं कॅसलरॉक स्टेशन सगळ्यांना ठाऊक आहे ते दूधसागरमुळे. पण गोव्याच्या हद्दीवर हे स्टेशन उभं राहिलं, त्यामागे १८७८ साली लिस्बनमध्ये झालेला एक करार आहे. त्यावेळी ब्रिटनचं परराष्ट्र खातं लॉर्ड सॅलिस्बरी यांच्याकडे होतं. पुढे हेच गृहस्थ तीन वेळा पंतप्रधान झाले.

घराणं आणि सुरुवात

रॉबर्ट गॅस्कॉइन-सेसिल यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८३० रोजी हॅटफिल्डच्या वाड्यात झाला. राणी एलिझाबेथच्या काळापासून दरबारात वजन असलेलं हे सरदार घराणं. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डला. १८५३ मध्ये ते स्टॅमफर्डमधून खासदार झाले. १८५७ मध्ये वडिलांच्या मर्जीविरुद्ध लग्न केल्याने पैशांची ओढाताण झाली, तेव्हा त्यांनी नियतकालिकांत लेख लिहून संसाराला हातभार लावला. मोठे भाऊ १८६५ मध्ये वारले आणि वारसा यांच्याकडे आला. १८६८ मध्ये वडिलांच्या निधनानंतर ते तिसरे मार्क्वेस ऑफ सॅलिस्बरी म्हणून उमरावांच्या सभागृहात गेले.

भारतमंत्री

जुलै १८६६ मध्ये ते पहिल्यांदा भारतमंत्री झाले, तेव्हा ओरिसात भीषण दुष्काळ होता. सुरुवातीचे दोन महिने आपण काहीच केलं नाही, ही खंत त्यांना पुढे आयुष्यभर राहिली. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं दगावली, असं मानलं जातं. मतदानाचा हक्क वाढवणारं विधेयक स्वतःच्याच पक्षाने आणलं म्हणून १८६७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सामान्य माणसाच्या हाती सत्ता देणं त्यांना कधीच पटलं नाही.

१८७४ ते १८७८ या काळात ते पुन्हा भारतमंत्री होते. सनदी परीक्षेची कमाल वयोमर्यादा त्यांनी २१ वरून १९ वर आणली. परीक्षा लंडनमध्ये, तीही इंग्रजीतून. त्यामुळे हिंदी तरुणांना दार जवळजवळ बंदच झालं. याविरुद्ध सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी देशभर दौरा केला. हिंदुस्थानचं रक्त काढायचंच असेल तर ते जिथे साठलं आहे तिथून काढावं, अशा आशयाचा शेरा त्यांनी १८७५ मध्ये लिहिला होता. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या लुटीबद्दल बोलताना तोच शेरा पुरावा म्हणून वापरला.

लिस्बनचा करार आणि आपला घाट

एप्रिल १८७८ मध्ये सॅलिस्बरी परराष्ट्रमंत्री झाले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला पोर्तुगालशी करार झाला. वाटाघाटी ब्रिटिश वकील रॉबर्ट मोरियर यांनी केल्या. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकात उठली, मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला आणि बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मुरगाव बंदरापासून घाटावर रेल्वे न्यायचंही ठरलं.

मुरगाव ते कॅसलरॉक हा सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग १८८० च्या दशकात झाला. घाटावरचा भाग सदर्न मराठा रेल्वेने बांधला. कारवार जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे सुपा तालुक्यातलं हे टोक म्हणजे इलाख्याची सरहद्द.

गोव्यात मात्र करार नकोसा झाला. मिठागरांवर पोट असलेल्यांना ब्रिटिशांचा मीठकर जाचक वाटला. बारा वर्षांची मुदत संपताच १८९२ मध्ये करार बारगळला, जकात परत आली आणि कॅसलरॉकला सामानाची झडती सुरू झाली. ती पुढे अनेक वर्षं चालली.

पंतप्रधानपद

सॅलिस्बरी १८८५-८६, १८८६-९२ आणि १८९५-१९०२ असे मिळून तेरा वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान होते, आणि बराच काळ परराष्ट्र खातंही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. ज्या पोर्तुगालशी करार केला, त्यालाच ११ जानेवारी १८९० रोजी त्यांनी आफ्रिकेतून सैन्य मागे घेण्याची तंबी दिली. लिस्बनचं सरकार त्यात कोसळलं.

१८८८ मध्ये एडिंबरोच्या भाषणात दादाभाईंचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा करून, इंग्रज मतदार अशाला निवडून देतील का, अशी शंका त्यांनी काढली. इंग्लंडमध्येच त्यावर टीकेची झोड उठली आणि दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं. १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून अगदी मोजक्या मतांनी जिंकले. १८९५ मध्ये तर मंचेरजी भावनगरी हे सॅलिस्बरींच्याच पक्षातर्फे खासदार झाले.

पुण्यातला प्लेग, रँडचा खून आणि टिळकांना राजद्रोहाची शिक्षा, हे १८९७ मधलं सगळं त्यांच्याच कारकिर्दीत घडलं. जुलै १९०२ मध्ये पुतण्या नव्हे, तर बहिणीचा मुलगा आर्थर बाल्फर याच्याकडे पद सोपवून ते निवृत्त झाले. २२ ऑगस्ट १९०३ रोजी त्यांचं निधन झालं.

कराराची मुदत बारा वर्षांत संपली, पण रूळ राहिले. बेळगाव, लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक, कुळे, मडगाव ही वाट आजही तीच आहे. फरक इतकाच, की आता झडतीसाठी कुणाला गाडीतून खाली उतरावं लागत नाही.