मशीद बंदरची मशीद कुठली?

सीएसएमटीहून सुटलेल्या लोकलचं पहिलंच स्टेशन मशीद. ही मशीद कुठली, असं विचारलं तर बहुतेक जण मोहम्मद अली रोडच्या मिनारांकडे बोट दाखवतील. पण हे नाव जिच्यावरून पडलं असं मानलं जातं, ती वास्तू ज्यूंची आहे आणि ती बांधणाऱ्याची भाषा मराठी होती.

त्याचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. आडनावातच गाव आहे, दिवेआगर. कोकणातले हे ज्यू म्हणजे बेने इस्रायल. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सामाजी कंपनी सरकारच्या फौजेत होता. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. बेने इस्रायलांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी, की कैद्यांत ‘बनी इस्रायल’ आहेत हे टिपूच्या आईच्या कानावर गेलं. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे तेच हे लोक, म्हणून तिने त्यांच्यासाठी रदबदली केली.

सुटून आलेल्या सामाजीने १७९६ साली मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं केलं. त्याचं हिब्रू नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचं दार. रस्ता झाला सॅम्युएल स्ट्रीट. बेने इस्रायल मात्र आपल्या प्रार्थनाघराला सरळ मराठीत ‘मशीद’च म्हणत. पुढे टणटणपुऱ्यात दुसरं सिनेगॉग झालं, तेव्हा ती ‘नवी मशीद’ आणि ही ‘जुनी मशीद’ झाली.

मला या गोष्टीतला हा शब्दच सगळ्यांत मोलाचा वाटतो. मशीद म्हणजे मुळात माथा टेकण्याची जागा. शेजारी कोकणी मुसलमान तो शब्द वापरत होते, यांनीही वापरला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी मित्रांना या भागात फिरवतो, कारण हा शेजार पायी कळतो. कच्छी व्यापारी नरसी नाथा यांच्या नावाचा रस्ता इथेच, आणि अनंतनाथांचं जैन मंदिरही. भात बाजारात १८७६ सालचा केशवजी नाईक कारंजा आहे. डोंगरीच्या इमामवाड्यात १८६० सालची इराणी शियांची मुघल मशीद आहे, निळ्या नक्षीच्या फरशांची. आणि १८८२ साली टिळक-आगरकर ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, तो तुरुंगही याच वस्तीत होता. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. शाळेत आपण ते नाव पाठ करतो, पण तो तुरुंग मिरची-मसाल्याच्या बाजारापासून किती जवळ होता हे कुणी सांगत नाही.

१९४८ साली इस्रायल झालं आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक बेने इस्रायल तिकडे गेले. जाताना भाषा घेऊन गेले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. इकडे सॅम्युएल स्ट्रीटवर सिनेगॉग राहिलं, भोवती हातगाड्या, गोण्या आणि हमाल.

२०२४ साली विधिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची इंग्रजी नावं बदलण्याचा ठराव मंजूर केला. मशीदच्या पुढचं सँडहर्स्ट रोड त्यात आहे, त्याचं डोंगरी व्हायचं आहे. गव्हर्नरचं नाव जावं, याला माझी हरकत नाही. पण उद्या कुणी ‘मशीद’कडे बोट दाखवून हे नाव परकं आहे म्हणालं, तर त्याला दिवेआगरच्या सामाजीची गोष्ट ऐकवायला हवी. एका ज्यू माणसाची दयेची आठवण, मुसलमान शेजाऱ्यांशी वाटून घेतलेल्या मराठी शब्दात, रेल्वेच्या पाटीवर लिहिलेली आहे. यातलं परकं नेमकं काय काढणार?