मोफत विद्यापीठ देणारा आणि शुल्क परत आणणारा एकच पक्ष

१/ १ जानेवारी १९७४ पासून ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांचे शिक्षणशुल्क रद्द झाले. पंधरा वर्षांनी, १९८९ मध्ये, विद्यार्थ्यांच्या नावावर पुन्हा खर्च लिहिला जाऊ लागला. हे दोन्ही निर्णय लेबर पक्षाच्या सरकारांनी घेतले आणि दोन्ही वेळा कारण दिले ते सामाजिक न्यायाचे. एकाच तत्त्वातून दोन विरुद्ध निर्णय कसे निघाले, याचा हा धागा. 🧵

२/ ऑस्ट्रेलिया हे संघराज्य आहे. तेथील बहुतेक विद्यापीठे राज्यांच्या कायद्यांनी स्थापन झाली. पर्थच्या विद्यापीठात तर स्थापनेपासून कित्येक दशके शिक्षणशुल्क नव्हते. उच्च शिक्षणात केंद्राचा हात मर्यादित होता. १९४६ मध्ये बेन चिफ्ली यांच्या लेबर सरकारने सार्वमत घेऊन राज्यघटनेत दुरुस्ती केली. केंद्राला ज्या सामाजिक लाभांवर खर्च करण्याचा अधिकार मिळाला, त्यांत ‘विद्यार्थ्यांना लाभ’ हेही होते.

३/ १९५१ पासून केंद्रीय शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. तेव्हा पंतप्रधान होते लेबरचे विरोधक रॉबर्ट मेन्झिस. गुणवत्तेवर निवड होई, शुल्क सरकार भरी. शिवाय राज्यांची शिक्षणखाती भावी शिक्षकांचा खर्च उचलत आणि बदल्यात काही वर्षे नोकरीचे बंधपत्र लिहून घेत. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या आरंभी बहुसंख्य विद्यार्थी शुल्क स्वतःच्या खिशातून भरत नव्हते. पुढच्या साऱ्या वादात हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

४/ गॉफ व्हिटलम १९६७ मध्ये लेबर पक्षाचे नेते झाले. त्यांच्या मतदारसंघात सिडनीच्या पश्चिमेकडील नवी उपनगरे होती. तेथे घरे उभी राहत होती, पण सांडपाण्याची व्यवस्था पोहोचलेली नव्हती. समता केवळ पगाराने येत नाही. शाळा, रुग्णालय, विद्यापीठ या सार्वजनिक सेवा सर्वांना सारख्या मिळाल्या तरच ती येते, हा त्यांचा आग्रह याच अनुभवातून घडला.

५/ १३ नोव्हेंबर १९७२ रोजी ब्लॅकटाउन येथील प्रचारसभेत त्यांनी शुल्क रद्द करण्याचे वचन दिले. २ डिसेंबरला लेबर पक्ष तेवीस वर्षांनंतर सत्तेवर आला. १९७४ मध्ये विद्यापीठे आणि तंत्रशिक्षण संस्थांचे शुल्क गेले, विद्यापीठांच्या अनुदानाचा भार राज्यांकडून केंद्राने घेतला आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी कौटुंबिक उत्पन्न पाहून निर्वाहभत्ता सुरू झाला.

६/ ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर-जनरल जॉन कर यांनी व्हिटलम सरकार बरखास्त केले. त्यांच्यानंतर आलेल्या माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने काही विद्यार्थ्यांवर शुल्क लावण्याचे प्रयत्न करून पाहिले. ते यशस्वी झाले नाहीत. मोफत विद्यापीठ विरोधकांच्या राज्यातही टिकले. ते संपवले लेबर पक्षानेच.

७/ त्याआधी एक अवघड प्रश्न पुढे आला होता : मोफत शिक्षणाचा लाभ घेतला कोणी? अभ्यासकांना असे आढळले की विद्यार्थ्यांची वर्गीय रचना फारशी बदललेली नव्हती. सुखवस्तू घरांतील मुलांचेच प्रमाण अधिक राहिले. कारण शाळेत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साधारण एक तृतीयांश मुलेच बारावीपर्यंत पोहोचत. कामगाराचा मुलगा विद्यापीठाच्या दाराशी येण्याआधीच वाटेत गळत होता.

८/ १९८३ मध्ये बॉब हॉक यांचे लेबर सरकार आले. पुढे बारावीपर्यंत टिकणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले; १९९० पर्यंत ते साठ टक्क्यांपलीकडे गेले. जे यश हवे होते ते मिळाले आणि त्यानेच पेच निर्माण केला. विद्यापीठांत जागा अपुऱ्या पडू लागल्या. नव्या जागांसाठी पैसा हवा होता आणि सरकार खर्चाला कात्री लावत होते.

९/ मंत्रिमंडळात दोन बाजू पडल्या. अर्थव्यवहार मंत्री पीटर वॉल्श हे मूळचे पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेतकरी. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या कामगाराच्या करातून भावी वकील-डॉक्टरांचे शिक्षण का व्हावे, असा त्यांचा रोख होता. शिक्षणमंत्री सुझन रायन यांचा शुल्काला ठाम विरोध होता. १९८७ मध्ये २५० डॉलरचा ‘प्रशासकीय आकार’ लागू झाला. त्याच वर्षी शिक्षणखाते जॉन डॉकिन्स यांच्याकडे गेले.

१०/ डॉकिन्स यांनी न्यू साउथ वेल्सचे माजी मुख्यमंत्री नेव्हिल रॅन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अडचण पक्षाच्याच धोरणपत्रिकेची होती : तीत शुल्काला विरोध नोंदलेला होता. १९८८ मध्ये होबार्टच्या राष्ट्रीय अधिवेशनात वादळी चर्चेनंतर ती भूमिका बदलण्यात आली. नव्या योजनेच्या नावात ‘शुल्क’ हा शब्द आला नाही. तिला ‘उच्च शिक्षण अंशदान योजना’ म्हटले गेले.

११/ योजनेची आखणी प्रामुख्याने अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांची. १९८९ मध्ये दर होता वर्षाला १,८०० डॉलर, म्हणजे शिक्षणाच्या सरासरी खर्चाचा सुमारे एक पंचमांश. प्रवेशाच्या वेळी काहीच न भरता ही रक्कम नावावर लिहून घेता येई. पुढे वार्षिक उत्पन्न सुमारे २२,००० डॉलरपलीकडे गेले की करासोबत उत्पन्नाच्या १ ते ३ टक्के कापले जात. व्याज नव्हते, महागाईनुसार मात्र रक्कम वाढे. कमाई तेवढी झालीच नाही, तर परतफेडही नाही.

१२/ विद्यार्थी रस्त्यावर उतरले. गरीब मुले विद्यापीठाकडे पाठ फिरवतील, अशी भीती होती. नंतरच्या अभ्यासांत मात्र त्यांचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. शुल्क गेल्याने वर्गीय चित्र फारसे बदलले नव्हते आणि ते परतल्यानेही फारसे बदलले नाही. खरा अडसर शाळेच्या वाटेवर होता. पुढे न्यूझीलंड आणि ब्रिटन यांनीही उत्पन्नाशी जोडलेल्या परतफेडीचा मार्ग धरला.

१३/ पण एक गोष्ट कायमची बदलली. विद्यार्थ्याने काही द्यावे हे तत्त्व मान्य झाल्यावर किती द्यावे, हे प्रत्येक सरकारच्या हाती गेले. १९९७ पासून जॉन हॉवर्ड सरकारने अभ्यासक्रमांनुसार तीन चढे दर लावले आणि परतफेडीची उत्पन्नमर्यादा खाली आणली. २०२१ मध्ये मॉरिसन सरकारच्या काळात मानव्यविद्यांच्या अनेक विषयांचा दर वर्षाला सुमारे १४,५०० डॉलरवर गेला. २०२३ मध्ये केवळ महागाईमुळे थकीत कर्जे ७.१ टक्क्यांनी फुगली. ज्या तरतुदीला ‘व्याज नाही’ म्हणून सौम्य मानले होते, तीच जाचक ठरली.

१४/ २०२५ च्या निवडणुकीत लेबर पक्षाने विद्यार्थी-कर्जे २० टक्क्यांनी कमी करण्याचे वचन दिले आणि जुलैमध्ये तसा कायदा केला. सुमारे तीस लाख लोकांची मिळून सुमारे १६ अब्ज डॉलरची कर्जे उतरली. परतफेडीची उत्पन्नमर्यादा ६७,००० डॉलर झाली. शुल्कदरांना मात्र या कायद्याने हात लावला नाही. पक्ष १९७४ कडे परतला नाही. १९८९ ची धार त्याने थोडी बोथट केली.

१५/ नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीच्या टाउन हॉलमध्ये व्हिटलम यांची स्मृतिसभा झाली. अभिनेत्री केट ब्लँचेट यांनी मोफत विद्यापीठशिक्षणाचा आपल्याला झालेला लाभ तेथे कृतज्ञतेने सांगितला. त्या धोरणाचे ऋण अनेक घरांत आजही बोलून दाखवले जाते. संसार सांभाळून, वयाच्या तिशी-चाळिशीत प्रथमच विद्यापीठात आलेल्या स्त्रियांच्या आठवणींत ते विशेष आढळते. वर्गीय रचनेच्या टक्केवारीत अशी आयुष्ये सहसा ठळक दिसत नाहीत.

१६/ व्हिटलम यांच्या डोळ्यांसमोर दाराबाहेर राहिलेला विद्यार्थी होता. वॉल्श यांच्या डोळ्यांसमोर त्या दाराकडे कधीच न वळलेला करदाता. दोघेही लेबर पक्षाचेच मतदार आणि दोघांचीही तक्रार खरी. शिक्षणाचा खर्च समाजाने उचलावा की शिकणाऱ्याने, या वादात पक्षाची बाजू पालटली ती या दोघांपैकी कोण अधिक ठळक दिसतो त्यानुसार. बारावीच्या आधीच शाळा सोडणारा तिसरा मुलगा मात्र दोन्ही वेळा या हिशेबाबाहेरच राहिला.

(समाप्त)