दिनविशेष : २८ एप्रिल २०२२
राज्य मंत्रिमंडळाने मुंबईत ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये. स्थानिक पीकवाण, देशी गुरे यांच्याबरोबर वनहक्क मिळालेल्या जंगलांचे संवर्धनही त्यात आले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने खरे मोलाचे ते हेच. कारण धानाचे बी वाळवून थंडाव्यात वर्षानुवर्षे राखता येते. जंगलातल्या मोहाचे तसे नाही. त्याची टोळी, म्हणजे बी, वाळली की बियाण्याच्या कामातून गेली, फार तर तेलाच्या घाण्याला उपयोगी. पावसाच्या तोंडावर ताजी मातीत गेली तरच ती रुजते. म्हणजे मोहाची बीजबँक उभे झाडच. आणि फुले वेचायला सोपे जावे म्हणून खालचा पाचोळा पेटवला, की आधी जळते ते गेल्या पावसाळ्यात उगवलेले वीतभर रोप.