हिंगोली जिल्ह्यातील मुस्लीम व शीख विवाहातील वेशभूषा आणि चालीरीती

हिंगोली जिल्ह्यातील मुस्लीम व शीख समाजांच्या विवाहपद्धतींवर धर्मशास्त्राबरोबरच दख्खनच्या, विशेषतः जुन्या हैदराबाद संस्थानाच्या संस्कृतीचा ठसा आहे. मुस्लीम विवाहास निकाह, तर शीख विवाहास आनंद कारज असे म्हणतात. दोन्ही विधींचा धार्मिक गाभा अतिशय लहान, साधा आणि जवळजवळ सर्वत्र सारखा आहे. त्याभोवती जमलेले पोशाख, दागिने, गाणी आणि देण्याघेण्याचे प्रकार मात्र स्थानिक आहेत. धर्माने सांगितलेले कोणते आणि रूढीने चिकटलेले कोणते, हा या दोन्ही समाजांत अनेक वर्षे चाललेल्या चर्चेचा विषय आहे.

पार्श्वभूमी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची एक छावणी हिंगोली येथे होती. जिल्ह्याच्या लोकसंख्येत मुस्लीम समाजाचे प्रमाण सुमारे एक-दशांश आहे. हा समाज घरात प्रामुख्याने दखनी उर्दू आणि बाजारात मराठी बोलतो. त्याच्या लग्नातील शब्द, पक्वान्ने आणि पोशाख यांचा ओढा मुंबई-पुण्याकडे नसून हैदराबादकडे आहे.

शीख समाजाची संख्या जिल्ह्यात अत्यल्प आहे. तरीही शीख परंपरेशी या भूमीचे नाते जुने आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी नामदेव हे गाव हिंगोली तालुक्यात असून नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. त्यामुळे पंजाबातून येणारे यात्रेकरू नर्सीलाही भेट देतात. शेजारच्या नांदेड येथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे आणि परिसरातील शीख कुटुंबांचे धार्मिक जीवन त्याच्याभोवती फिरते. निजामाचे मंत्री राजा चंदुलाल यांच्या काळात, १८३२ च्या सुमारास, महाराजा रणजितसिंग यांच्याकडून हैदराबादला आलेल्या फौजेचे वंशज दखनी शीख म्हणून ओळखले जातात. शस्त्रे घडवण्याचा परंपरागत व्यवसाय असलेले सिकलीगर शीखही मराठवाड्यात राहतात.

मुस्लीम विवाह

निकाह हा शरियतनुसार करार आहे. वधू व वर यांची संमती (इजाब व कबूल), साक्षीदार आणि मेहर हे त्याचे आवश्यक घटक होत. वधूच्या बाजूने नेमलेला वकील दोन साक्षीदारांसह स्त्रियांच्या दालनात जाऊन तिची संमती विचारतो. ती मिळाल्यानंतरच काझी वराकडे वळतात, खुतबा वाचतात आणि वराकडून कबुली घेतात. त्यानंतर निकाहनाम्यावर सह्या होतात, दुआ होते आणि उपस्थितांना खारका वाटल्या जातात. हा सारा विधी अर्ध्या तासात आटोपतो. जुन्या हैदराबाद संस्थानात निकाहच्या नोंदीला सियाहा म्हणत आणि हा शब्द वृद्धांच्या बोलण्यात अजून ऐकू येतो.

मेहर ही वराने वधूला द्यावयाची रक्कम अथवा वस्तू असून तिच्यावर केवळ वधूचाच हक्क असतो. ताबडतोब द्यावयाच्या मेहरला मुअज्जल, तर पुढे, म्हणजे तलाक किंवा पतीच्या मृत्यूनंतर, द्यावयाच्या मेहरला मुवज्जल म्हणतात. अरबी लिपीत या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे. देवनागरीत ते अनेकदा सारखेच लिहिले जातात. म्हणून निकाहनाम्यात ‘लगेच’ की ‘नंतर’ हे स्पष्ट शब्दांत नोंदवणे वधूच्या हिताचे ठरते. मेहर आणि हुंडा यांची गल्लत करू नये. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येतून मुस्लीम व्यक्तिगत कायद्यातील मेहर स्पष्टपणे वगळलेला आहे.

निकाहपूर्वीच्या विधींत मांजा हा सर्वांत आनंदाचा. वधूला पिवळे कपडे घालून बसवतात आणि हळद, चंदन व सुगंधी तेल यांचे उटणे लावतात. त्यानंतर ती लग्नापर्यंत घराबाहेर पडत नाही. घरातील व शेजारच्या स्त्रिया ढोलक घेऊन दखनी गाणी म्हणतात. त्यांत व्याह्यांची आणि नणंदांची यथेच्छ थट्टा असते. यासाठी लागणारी हळद जिल्ह्यातलीच असते, हे वेगळे सांगावयास नको. वसमत व हिंगोली या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा आहेत आणि वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हिंदूंची हळद, मुस्लिमांचा मांजा आणि शिखांची माइयां या तिन्ही प्रसंगी अंगाला लागते ती हीच.

मांजानंतर सांचक होतो. वराकडील मंडळी वधूसाठी लग्नाचा जोडा, दागिने, अत्तर, फुले, मेंदी व मिठाई सजवलेल्या ताटांतून वाजतगाजत आणतात. दुसऱ्या दिवशी वा त्याच रात्री मेंदी काढतात.

वधूची वेशभूषा

हैदराबादी धाटणीच्या विवाहात वधूचा मानाचा पोशाख म्हणजे खडा दुपट्टा. कुडता, चोळी, चुडीदार आणि सुमारे सहा यार्ड लांबीचा, जरीकाठी दुपट्टा असे त्याचे भाग असतात. दुपट्टा अंगाभोवती एका ठरावीक पद्धतीने घेऊन खांद्यांवर टाचतात. तो नेसवणे हे अनुभवी स्त्रीचे काम असते. लाल, गुलाबी व हिरवा हे रंग अधिक आढळतात. कपाळावर टिका, डोक्याच्या एका बाजूस झुमर, कानांत कर्णफूल, नाकात नथ, गळ्यात सातपदरी सतलडा आणि हातांत लाखेच्या खडेजडित बांगड्या हा परिपूर्ण साज झाला. प्रत्यक्षात त्यातील बरेच दागिने आता भाड्याने किंवा नकली आणले जातात. शहरांत लेहंगा व शरारा यांनी खडा दुपट्ट्याची जागा बरीचशी घेतली आहे. खेड्यांतील साध्या लग्नात वधू जरीच्या साडीतही दिसते.

विशेष उल्लेखनीय म्हणजे लच्छा, अर्थात काळ्या मण्यांची सर, जिला काली पोत असेही म्हणतात. दख्खनच्या विवाहित मुस्लीम स्त्रिया ती सौभाग्याची खूण म्हणून घालतात. तिचे मंगळसूत्राशी असलेले साम्य उघड आहे. शरियतमध्ये तिला कोणतेही स्थान नाही आणि म्हणूनच काही धर्मोपदेशक तिला विरोध करतात. तरीही सासूने नव्या सुनेच्या गळ्यात लच्छा घालण्याची प्रथा अनेक घरांत टिकून आहे.

वराची वेशभूषा

वर, म्हणजे नौशा, शेरवानी व चुडीदार किंवा पायजमा घालतो. डोक्याला दस्तार अथवा टोपी आणि चेहऱ्यावर मोगरा व गुलाब यांचा सेहरा असतो. पूर्वी शेरवानीसाठी औरंगाबादचे हिमरू कापड प्रतिष्ठेचे मानत. सूत व रेशीम यांच्या मिश्रणाने विणलेले हे कापड किनखाबाला स्वस्त पर्याय म्हणून वाढले. आज तयार शेरवानी सर्वत्र मिळते आणि अनेक तरुण निकाहला सुटातच उभे राहतात.

जलवा, रुखसती आणि वलीमा

निकाहनंतर जलव्याचा प्रसंग येतो. वधूवरांना समोरासमोर बसवून त्यांच्यावर लाल दुपट्टा धरतात. मध्ये कुराण व आरसा ठेवतात. आरशात दोघे एकमेकांचा चेहरा पाहतात. जुन्या काळी ही खरोखरच पहिली भेट असे, त्यामुळे या प्रसंगाला जे महत्त्व होते ते मोबाइलच्या काळात उरलेले नाही. मात्र विधी चालू आहे. रुखसती म्हणजे पाठवणी. त्यानंतर वराकडून दिले जाणारे वलीम्याचे जेवण हे सुन्नत मानतात. बिर्याणी, दालचा, बगारे बैंगन आणि गोडात डबल का मीठा किंवा खुबानी का मीठा हा त्याचा सर्वपरिचित थाट. लग्नानंतरच्या शुक्रवारी जावयाला सासरी बोलावून मेजवानी देतात, तिला जुमागी म्हणतात.

मोहरम आणि सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस, ज्यांना दखनीत तेरातेजी म्हणतात, या काळात लग्न टाळण्याची रीत आहे. तिलाही धर्मशास्त्राचा आधार नाही.

‘जोडे की रक्कम’

दख्खनच्या मुस्लीम विवाहातील सर्वाधिक टीकेचा विषय म्हणजे जोडे की रक्कम किंवा जोडा-घोडा. नावाप्रमाणे ती वराच्या पोशाखासाठी आणि वाहनासाठी वधूपक्षाने द्यावयाची भेट आहे. प्रत्यक्षात ती रोख हुंडाच आहे. निकाहच्या कल्पनेत द्यावयाचे ते वराने द्यावयाचे असते. येथे प्रवाह नेमका उलटा झाला. मेहर कागदावर उधार राहते आणि जोड्याची रक्कम मात्र लग्नाआधी रोख पोचते. लहान शेतकरी, मजूर व कारागीर कुटुंबांसाठी हे कर्जाचे कारण ठरते. १९६१ च्या कायद्यानुसार हुंडा देणे व घेणे दोन्ही गुन्हे आहेत आणि नाव बदलल्याने रकमेचे स्वरूप बदलत नाही. मशिदीत निकाह, एकच जेवण आणि सामुदायिक विवाह हे त्यावर पुढे आलेले उपाय आहेत.

शीख विवाह

आनंद कारज गुरू ग्रंथ साहिबाच्या उपस्थितीत होतो. चौथे गुरू रामदास यांनी सूही रागात रचलेल्या चार लावां हा त्याचा केंद्रबिंदू. अरदासनंतर वधूचे वडील वराच्या खांद्यावरील वस्त्राचे टोक, म्हणजे पल्ला, वधूच्या हाती देतात. प्रत्येक लांव प्रथम वाचली व मग गायली जाते आणि त्या वेळी वधूवर ग्रंथाभोवती एक फेरी घालतात. अशा चार फेऱ्या झाल्यावर आनंद साहिबचे पठण, अरदास, हुकमनामा आणि कडाह प्रसाद होतो. मग सर्वांनी एका पंगतीत लंगर घ्यावयाचा. मुहूर्त वा पत्रिका पाहणे शीख रहत मर्यादेला मान्य नाही. त्याच मर्यादेने मुकुट वा गाना बांधणे, होम करणे आणि मद्यपान यांनाही मनाई केली आहे.

वराच्या पोशाखात अचकन किंवा शेरवानी, गुलाबी, लाल वा केशरी दस्तार आणि हातात कृपाण असते. वधू सलवार-कमीज घालून डोक्यावर चुन्नी घेते. पंजाबी घरांत तिच्या हातांत मामाने दिलेला लाल-पांढरा चुडा आणि त्याला लोंबणारे कलिरे दिसतात. चुडा, कलिरे, मिलनी, जागो व डोली या पंजाबच्या लोकरीती असून आनंद कारजचा भाग नव्हेत.

पोशाखाच्या प्रश्नावर नांदेडमधूनच एक निर्णय झाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तख्त हजूर साहिब येथे झालेल्या शीख धर्मप्रमुखांच्या बैठकीत आनंद कारजच्या वेळी वधूने जड लेहंगा वा घागरा न घालता सलवार-कमीज व चुन्नी घ्यावी, असे ठरवण्यात आले. ग्रंथासमोर माथा टेकणे आणि फेऱ्या घालणे जड वस्त्रांत कठीण जाते, हे त्यामागील व्यावहारिक कारण. वधूला फुलांच्या वा चुन्नीच्या छताखाली आणण्याची नवी पद्धतही त्या बैठकीत नाकारण्यात आली, तसेच निमंत्रणपत्रिकेवर वधूवरांच्या नावांपुढे सिंग व कौर लिहावे असे सांगण्यात आले.

कायदेशीर नोंद

आनंद विवाहास १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने वैधता दिली. त्याचे विधेयक नाभा संस्थानाचे युवराज रिपुदमनसिंग यांनी मांडले होते. २०१२ च्या दुरुस्तीने या विवाहांच्या स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. महाराष्ट्रात सर्वधर्मीय विवाहांच्या नोंदणीसाठी १९९८ चा राज्य कायदा आहे. निकाहनामा असला तरी या कायद्याखालील प्रमाणपत्र पारपत्र, वारसा व पोटगीच्या प्रकरणांत उपयोगी पडते. वय व बालविवाहाच्या बाबतीत २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा वधूसाठी १८ आणि वरासाठी २१ वर्षांची मर्यादा घालतो.